बाहाच्या गाडीला स्पॉन्सर कसा मिळवायचा

“हे सगळं खरं गं, पण तुला पायजे काय, ते सांग की.”

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या मालकांनी मला हे विचारलं, तेव्हा मी आमच्या कॉलेजच्या बाहा टीमसाठी स्पॉन्सरशिप मागत सलग वीस मिनिटं बोलत होते. टीम, कॉलेज, गेल्या वर्षीचा क्रमांक, गाडीचं वजन, सगळं सांगून झालं होतं. फाइलमध्ये रंगीत ब्रोशर होतं आणि त्यात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे तीन भाव छापलेले होते. तरी त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. “काका, जे जमेल ते,” एवढंच बोलले. त्यांनी चहा पाजला, पाचशेची नोट फाइलवर ठेवली आणि ते लेथकडे वळले.

पुढच्या वर्षी त्याच वर्कशॉपमध्ये मी एक ड्रॉईंग घेऊन गेले. मागचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), दोन नग, मटेरियल आमचं, लेथवर अंदाजे सहा तास. काकांनी कागद उजेडात धरून बघितला, एका ठिकाणी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) उगाच घट्ट दिलाय म्हणून झापलं, आणि आठवड्यात काम करून दिलं. पैसे घेतले नाहीत. त्या पाचशेच्या नोटेपेक्षा कितीतरी जास्त किमतीचं ते काम होतं.

आता मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पर्चेसला आहे आणि दर ऑगस्टमध्ये मुलांच्या मेल माझ्याकडे येतात. त्यातल्या बहुतेकांत माझं जुनं ब्रोशरच मला पुन्हा दिसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना बाहा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी एका चालकाची एटीव्ही (कच्च्या, खडबडीत वाटेवर चालणारी गाडी) स्वतः डिझाइन करायची, स्वतः बांधायची आणि दगडधोंडे, चढ, चिखल यांतून पळवून दाखवायची, अशी ही स्पर्धा. मूळ अमेरिकेतली, १९७६ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेली. आपल्याकडे एसएईइंडिया ही वाहन-अभियंत्यांची संस्था २००७ पासून ती भरवते. महिंद्र हे नाव तिच्याशी पहिल्यापासून जोडलेलं आहे आणि इंदूरजवळच्या पिथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र तिचं वर्षानुवर्षांचं मैदान. २०१५ पासून विजेवरच्या गाड्यांसाठी ईबाहा वेगळी होते. पेट्रोलच्या गटात अनेक वर्षं सगळ्या टीमना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं एकसारखंच इंजिन असायचं. स्पर्धेच्या शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे गाडी किती टिकते ते बघणारी शर्यत. इंजिन सगळ्यांचं सारखं असल्यावर फरक पडतो तो गिअरबॉक्स, सस्पेन्शन, वजन आणि वेल्डिंगमध्ये. आणि ह्या सगळ्या गोष्टी कोणाच्या तरी मशीनवर, कोणाच्या तरी हातून घडतात. स्पॉन्सर शोधायची सुरुवात तिथूनच करायची.

आधी हिशेब

कुठल्याही कंपनीचं दार वाजवायच्या आधी एक संध्याकाळ सगळ्या टीमनं बसायचं. गाडीचा एकेक भाग, एकेक प्रक्रिया आणि एकेक प्रवास कागदावर उतरवायचा आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक शब्द लिहायचा: हात, माल किंवा रोख.

‘हात’ म्हणजे कोणाच्या तरी मशीनवर होणारं काम. ब्रॅकेट आणि टॅबचं लेझर कटिंग, पाइप बेंडिंग, रोल केजचं (चालकाभोवतीचा पाइपांचा संरक्षक सांगाडा) टिग वेल्डिंग, नकलचं (चाक सस्पेन्शनला जोडणारा भाग) व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग, हबचं टर्निंग, गिअर कापणं, स्प्लाइनचं वायरकट, हीट ट्रीटमेंट, शेवटी पावडर कोटिंग. इथे देणाऱ्याचे पैसे खिशातून जात नाहीत, मशीनचा वेळ जातो. ऑर्डर कमी असलेल्या आठवड्यात तो वेळ त्याच्याकडे असतो.

‘माल’ म्हणजे जी वस्तू समोरचा बनवतो किंवा विकतो: बेअरिंग, नट-बोल्ट, पाइप, रंग, टायर, फायबरचे पॅनल. ‘रोख’ म्हणजे जिथे पैशाशिवाय गत्यंतर नाही: नोंदणी शुल्क, इंजिन, परदेशातून येणारा सीव्हीटी (गिअर न बदलता वेग बदलणारी यंत्रणा) आणि शॉक अॅब्सॉर्बर, त्यावरची कस्टम ड्युटी, पिथमपूरपर्यंतचा टेम्पो, राहणं, जेवण.

समजा एकूण हिशेब आठ लाखांचा झाला. यादी प्रामाणिकपणे केली असेल तर त्यातले तीन लाख तरी ‘हात’ आणि ‘माल’मध्ये सुटे होतात. उरले पाच. बऱ्याच टीम आठच्या आठ लाख रोख मागायला निघतात आणि डिसेंबरपर्यंत रिकाम्या हातानं फिरतात.

यादीत प्रत्येक कामासमोर तासही लिहा. नकलचे चार नग, प्रत्येकी दोन सेटिंग, मिळून बारा तास. व्हीएमसीचा दर तासाला पाचशे धरला तर सहा हजारांचं काम. हे आकडे तुमच्या वर्कशॉप इन्स्ट्रक्टरांकडून तपासून घ्या, कारण आपण मुलं वेळ नेहमी कमी धरतो आणि मालकाला ते पहिल्या नजरेत कळतं.

दोन गोष्टींत मात्र फुकटाचा मोह धरू नका. एक, सुरक्षेचं सामान. कोणी जुनं हार्नेस (चालकाला सीटला बांधणारे पट्टे) किंवा हेल्मेट प्रेमानं दिलं तरी मुदत संपलेलं सामान तांत्रिक तपासणीत चालत नाही, आणि चालत असतं तरी आपल्या ड्रायव्हरला त्यात बसवू नये. दुसरी, रोल केजचं पोलाद. नियमावलीत पाइपाचा व्यास, भिंतीची जाडी आणि कार्बनचं किमान प्रमाण (०.१८ टक्के) ठरलेलं असतं. भंगारातून आलेला, प्रमाणपत्र नसलेला पाइप कितीही चांगला दिसला तरी नको. उलट इथे एक वेगळा स्पॉन्सर सापडतो: मटेरियल टेस्टिंग लॅब. रासायनिक आणि ताण चाचणीचा रिपोर्ट तुम्हाला लागतोच, वेल्डिंगचे नमुनेही दाखवावे लागतात, आणि लॅबला विद्यार्थ्यांच्या दोन-तीन चाचण्या करून देणं जड जात नाही. या लॅबना फार थोड्या टीम विचारतात.

कॅलेंडर

पहिली फेरी, म्हणजे व्हर्च्युअल बाहा, साधारण जुलैत असते आणि मुख्य स्पर्धा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात ड्रॉईंग पक्की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मशीनिंग, डिसेंबरात गाडी मातीत. वर्कशॉपांच्या भेटी ऑगस्टपासून सुरू करा, ड्रॉईंग पक्की व्हायची वाट बघू नका. पहिल्या भेटीत फक्त ओळख करून घ्यायची आणि “हे असं डिझाइन केलंय, तुमच्या मशीनवर बसेल का?” असा सल्ला मागायचा. मशीनवर बसणारं डिझाइन आधीच कळलं तर ऑक्टोबरचा मनस्ताप वाचतो.

मोठ्या कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि पुढच्या वर्षीचा खर्च जानेवारी-मार्चमध्येच ठरतो. ऑगस्टमध्ये मेल केली की उत्तर येतं, “यंदाचं बजेट संपलं.” ते बहुतेक वेळा खरंच असतं. मोठी रोख रक्कम हवी असेल तर आदल्या फेब्रुवारीत बोलणं सुरू करावं लागतं, म्हणजे तेव्हाच्या सिनिअरांनी तुमच्यासाठी.

कागद

पहिल्या वर्षी माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. एका सप्लायरनी वीस हजारांचा चेक द्यायची तयारी दाखवली आणि कोणाच्या नावानं, असं विचारलं. मला सांगता आलं नाही. कॉलेजच्या अकाउंट्सकडून उत्तर यायला तीन आठवडे लागले, तोवर ते विसरून गेले होते.

म्हणून आधी हे जमवा: एचओडी किंवा प्राचार्यांच्या सहीचं, लेटरहेडवरचं, टीमला स्पॉन्सरशिप मागायची परवानगी देणारं पत्र, कॉलेजच्या किंवा ट्रस्टच्या ज्या खात्यात पैसे यायचे त्याचा तपशील, पॅन, जीएसटी नोंदणी असल्यास तिचा क्रमांक, ट्रस्टला ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी) आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची) नोंदणी आहे का याची माहिती, आणि पावती किती दिवसांत मिळते त्याचं उत्तर. स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका, देणारा “राहू दे गं, काय होतंय” म्हणाला तरी. पुढे टीममध्ये पैशावरून एक जरी शंका निघाली तर त्या वर्षी गाडी पूर्ण होत नाही. असं झालेली टीम मी बघितली आहे.

कोणाकडे जायचं

सर्वांत जवळचं वर्तुळ आधी. टीमचे माजी सदस्य, मग कॉलेजचे माजी विद्यार्थी, मग टीममधल्या मुलांचे आईवडील, काका, मामा. आमच्या टीमच्या चौदा जणांमध्ये एकाच्या वडिलांचं ट्रान्सपोर्ट होतं आणि हे आम्हाला जानेवारीत कळलं. त्यांची एक गाडी माल घेऊन इंदूरकडे जात असे. आधी विचारलं असतं तर टेम्पोचं भाडं वाचलं असतं. एक फॉर्म करा आणि प्रत्येकाला विचारा: घरात, नात्यात, गल्लीत कोण काय करतं?

दुसरं वर्तुळ म्हणजे तुमच्या गावाची एमआयडीसी किंवा औद्योगिक वसाहत. कोल्हापुरात असाल तर उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. सांगलीकडे कुपवाड. पुण्यात भोसरी, चाकण, तळेगाव. नाशिकला सातपूर, अंबड. संभाजीनगरला वाळूज, शेंद्रा. नागपूरला हिंगणा, बुटीबोरी. प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा आहे. कोल्हापुरात फाउंड्री आणि मशीन शॉप हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कास्टिंगचं काही करायचं असेल तर तिथल्या टीमना जो फायदा आहे तो इतरांना नाही. भोसरीच्या छोट्या युनिटमध्ये मोठ्या कंपन्यांचं अचूक काम चालतं, तिथे गिअर आणि नकल चांगले होतात. जो मालक स्वतः मशीनवर उभा राहून वर आलाय, त्याच्याकडे आधी जा. तो तुमच्याशी गाडीबद्दल बोलतो. एचआरमधले साहेब तुमच्याशी धोरणाबद्दल बोलतात.

तिसरं वर्तुळ घरबसल्याचं आहे आणि तरी राहून जातं: सॉफ्टवेअर. सॉलिडवर्क्स, अॅन्सिस, मॅटलॅब बनवणाऱ्या मॅथवर्क्ससारख्या कंपन्यांच्या विद्यार्थी-स्पर्धा टीमसाठी योजना आहेत. अर्ज भरायचा, कॉलेजचा आयडी, फॅकल्टी अॅडव्हायजरांचं नाव, बदल्यात गाडीवर आणि टी-शर्टवर लोगो. हे सगळ्यात आधी करा. ब्रोशरवर दोन मान्यवर नावं आली की पुढच्या माणसाचा विश्वास बसायला मदत होते.

आणि गावातली माणसं: सहकारी बँक, पतसंस्था, साखर कारखाना, क्लासेसचे सर, दुचाकीचं शोरूम. कारखान्याचा स्वतःचा वर्कशॉप असतो आणि तिथल्या वेल्डरांचा हात फार पक्का असतो, हे लक्षात ठेवा. पतसंस्था पाच-दहा हजार देते, पण संचालक मंडळाच्या बैठकीत विषय यावा लागतो. म्हणून बैठक कधी आहे ते विचारून त्याच्या आठवडाभर आधी अर्ज द्या.

पत्र

पत्र एका पानाचं. सोबत चार पानी माहिती, त्यात खरे फोटो: तेलानं माखलेले हात, वेल्डिंग चालू असलेली फ्रेम, गेल्या वर्षी अडकलेली गाडीसुद्धा. रेंडर केलेली चकचकीत चित्रं एकच पुरे. विषयाच्या ओळीतच मागणी यायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या शंभर मेलचे विषय “स्पॉन्सरशिप प्रपोजल” असतात. मी उघडते ती मेल जिच्या विषयात कामाचं नाव असतं. साधारण अशी:

“विषय: मागील हब, २ नग, लेथवरचे अंदाजे ६ तासांचे काम

मा. महोदय, सप्रेम नमस्कार. आम्ही अमुक कॉलेजची बाहा टीम. येत्या स्पर्धेसाठी आमची गाडी बांधणे सुरू आहे. तिच्या मागील हबचे टर्निंग आपल्या वर्कशॉपमध्ये करून मिळावे, ही विनंती. मटेरियल व ड्रॉईंग आम्ही देऊ. काम १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर दरम्यान आपल्या सोयीने झाले तरी चालेल. ड्रॉईंग सोबत जोडले आहे. आपले नाव गाडीच्या वरच्या पॅनलवर व पिटमधल्या बॅनरवर असेल आणि स्पर्धेनंतर हबची स्थिती कशी राहिली याचा अहवाल आम्ही स्वतः आणून देऊ. बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारी भेटायला आलो तर चालेल का?”

बस. “आपल्यासारख्या नामवंत उद्योगसमूहाच्या” वगैरे नको. वर्कशॉपच्या माणसाला हे कृत्रिम वाटतं आणि मोठ्या कंपनीतला माणूस ते वाचतच नाही. आणि मेल करून थांबू नका. तिसऱ्या दिवशी फोन करा, शक्यतो लँडलाइनवर, आणि पर्चेसला किंवा प्रॉडक्शनला द्या म्हणा.

भेट

दोघांनी जायचं, पाच जणांनी नाही. एक बोलणारा, एक ज्यानं तो भाग डिझाइन केला तो. मालकानं “ही जाडी का?” विचारलं आणि “ते दुसऱ्यानं केलंय” असं उत्तर दिलं की तुमची किंमत तिथेच उतरते.

वेळ दुपारी तीन-चारची बरी. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा, डिस्पॅचची धांदल असते. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक भागाची वेगळी: भोसरी-चिंचवडकडे गुरुवार, इतर ठिकाणी वेगळा वार, तेव्हा आधी विचारा. आणि खंडेनवमीला नक्की जा. त्या दिवशी मशीन पुसून, हार घालून उभी असतात, मालक घाईत नसतात, पेढे चालू असतात. मागायला जाऊ नका, पूजेला जा. आमचे दोन सर्वांत जुने पाठीराखे असेच एका खंडेनवमीला भेटले.

नकार आला तर एकच प्रश्न विचारायचा: “आमचं हे काम करू शकेल असं अजून कोण आहे?” बहुतेक माणसं एक नाव देतात, कित्येकदा तिथल्या तिथे फोनही लावतात. तुम्ही त्या दुसऱ्या दारात जाता तेव्हा अनोळखी राहत नाही.

काम पदरात पडल्यावर

मिळालेलं काम टिकवणं ही स्पॉन्सरशिपची सगळ्यात दुर्लक्षित बाजू आहे, म्हणून इथे जरा थांबते.

ड्रॉईंग छापील न्यायचं, सगळी मापं, टॉलरन्स, मटेरियलचा ग्रेड, नग, तुमचा फोन. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून “दादा, असं करा” म्हणायचं नाही. मटेरियल स्वतः कापून, मापाला थोडी वाढ ठेवून पोचवायचं, सोबत डिलिव्हरी चलन. ऑपरेटरांना नावानं आणि अहो-जाहो करून बोलायचं. काम मालकानं कबूल केलेलं असतं, पण ओव्हरटाइम संपल्यावर थांबून ते करणारा माणूस दुसराच असतो. रात्री दहाला “झालंय, घेऊन जा” असा फोन आला तर रात्री दहाला जायचं. त्यांच्या जागेत तुमचा जॉब पडून राहिला की पुढच्या वर्षीचा दरवाजा बंद.

आणि डिझाइन बदललं म्हणून झालेलं काम पुन्हा मागायचं नाही. एकदा आम्ही नकल दुसऱ्यांदा करून मागितले. करून दिले त्यांनी, पण बोलणं तुटलं. चूक सर्वस्वी आमची होती. बदल करायचाच असेल तर दुसऱ्या वेळचे पैसे द्या.

फुकट मिळालेल्या प्रत्येक भागाची आणि कामाची बाजारभावानं नोंद ठेवा, शक्य असेल तर त्यांच्याकडून कोटेशन लिहून घ्या. स्पर्धेच्या कॉस्ट रिपोर्टमध्ये गाडीची किंमत मांडताना “हे आम्हाला तसंच मिळालं” म्हणून शून्य लिहिता येत नाही.

रोख: देणगी, स्पॉन्सरशिप, सीएसआर

ह्या तीन शब्दांची मुलं सरमिसळ करतात आणि कंपनीचा अकाउंटंट तिथेच फाइल बाजूला ठेवतो. तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

देणगीत बदल्यात जाहिरात नसते. ट्रस्टला ८०जी असेल तर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळू शकते, मात्र दोन हजारांवरची रोख देणगी त्यासाठी धरली जात नाही, चेक किंवा ऑनलाइनच हवं. आणखी एक: ज्या कंपन्यांनी कमी दराची नवी करपद्धत घेतली आहे त्यांना ही सवलत मिळत नाही. तेव्हा “सर, ८०जी मिळेल” हे तुमचं हुकमी पान आहे असं समजू नका. व्यक्तिगत देणगीदार, माजी विद्यार्थी, डॉक्टर, वकील यांच्याशी बोलताना ते उपयोगी पडू शकतं. देणगीदाराचं नाव निव्वळ कृतज्ञता म्हणून लिहिलं, त्यात त्याच्या धंद्याची जाहिरात नसली, तर त्यावर जीएसटी येत नाही, असा केंद्र सरकारचा २०१९चा खुलासा आहे.

गाडीवर लोगो, बॅनर, पोस्ट असं काही कबूल केलं की ती स्पॉन्सरशिप. ही सेवा आहे, तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि देणारी कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल व घेणारा ट्रस्ट असेल तर तो सहसा कंपनीनंच रिव्हर्स चार्जनं भरायचा असतो. टीडीएसही कापला जाऊ शकतो, म्हणजे पन्नास हजार ठरले तरी खात्यात पन्नास हजार येतीलच असं नाही. हिशेबात ती फट ठेवा. वस्तू मोफत देणाऱ्या कंपनीलाही एक अडचण असते: फुकट दिलेल्या मालावर तिला इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) सोडावं लागतं. म्हणून काही जण मोफत द्यायला कचरतात पण मोठ्या सवलतीत बिल करून द्यायला तयार होतात. तो पर्याय तुम्हीच पुढे ठेवा. ही बारीक गोष्ट ओळखून बोलणारा विद्यार्थी भेटला तर मी तरी त्याचं पुढचं सगळं ऐकून घेईन.

सीएसआरचं आकर्षण सगळ्यांना असतं. कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना (निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यांपैकी काहीही एक) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. पण नियम स्पष्ट आहेत: स्वतःच्या मालाच्या जाहिरातीचा लाभ घेण्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे “सीएसआरमधून एक लाख द्या, आम्ही बॉनेटवर लोगो लावू” हे वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. शिवाय पैसे घेणाऱ्या ट्रस्टकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. सीएसआरकडे जायचंच असेल तर गाडीसाठी जाऊ नका. कॉलेजच्या वर्कशॉपला टिग मशीन, आयटीआयच्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वेल्डिंगचं प्रशिक्षण, असा शिक्षणाचा प्रकल्प कॉलेजमार्फत मांडा. मशीन कॉलेजचं होतं, शिकणारे अनेक असतात, आणि तुमची रोल केजही पुढची दहा वर्षं त्याच मशीनवर होते. ह्या करांच्या गोष्टी बदलत राहतात, तेव्हा शब्द देण्यापूर्वी कॉलेजच्या सीएंना एकदा विचारा.

बदल्यात काय द्यायचं

लोगो कुठे लावणार हे नीट विचार करून सांगा, कारण चार तासांच्या एन्ड्युरन्समध्ये पहिल्या काही फेऱ्यांतच गाडीचा खालचा निम्मा भाग चिखलात नाहीसा होतो. बाजूच्या खालच्या पॅनलवर दहा हजार रुपये घेऊन लोगो लावणं ही त्या माणसाची फसवणूक आहे. छताजवळचे पॅनल, हेल्मेटच्या बाजू, ड्रायव्हरचा सूट, पिटमधला (स्पर्धेत टीमची गाडी दुरुस्त करायची जागा) बॅनर आणि टूल ट्रॉली, ह्या जागा स्वच्छ राहतात आणि फोटोत येतात. स्पर्धेच्या प्रायोजकांचे स्टिकर आणि गाडीचा क्रमांक यांची जागा नियमावलीत बघून आधी मोकळी सोडा, मगच उरलेली कोणाला कबूल करा. एकाच प्रकारचा माल बनवणाऱ्या दोघांना लोगो द्यायचा असेल तर पहिल्याला विचारून द्या.

पण खरं सांगू का, उद्यमनगरातल्या मालकाला लोगोचं फारसं काही नसतं. त्याचं गिऱ्हाईक गाडी बघून येत नाही. त्याला आवडतं ते वेगळं आहे. आम्ही डिसेंबरात गाडी टेम्पोत घालून तीन वर्कशॉपांच्या आवारात नेली आणि ज्यांनी भाग बनवले त्या ऑपरेटरांना एकेक फेरी चालवायला दिली. एका काकांनी पस्तीस वर्षं लेथवर काम केलं होतं. ते गाडीतून उतरले आणि वाकून हबच्या मागे बराच वेळ बघत राहिले. पुढच्या वर्षी त्या दारात आम्हाला पत्र न्यावं लागलं नाही. मोठ्या कंपनीला याच्याऐवजी चाचणीची माहिती द्या: तुमचं बेअरिंग किती तास चाललं, चिखल-पाण्यात सील कसं टिकलं, उघडल्यावर काय दिसलं, फोटोसकट. आणि भरतीच्या वेळी टीममधल्या मुलांचे बायोडेटा त्यांच्याकडे आधी पोचू द्या. पर्चेसमध्ये बसून मी सांगते, स्वतः नकल डिझाइन करून, बनवून, तोडून पाहिलेला पोरगा कंपनीला हवाच असतो.

पिथमपूरहून परतल्यावर

स्पर्धेच्या दिवसांत रोज रात्री एक छोटा मेसेज सगळ्या पाठीराख्यांना जायला हवा. टेक्निकल इन्स्पेक्शन पास झालो, ब्रेक टेस्ट दुसऱ्यांदा झाली, उद्या एन्ड्युरन्स. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि त्याला पिटमध्ये दुसरं काही सांगू नका.

आमची गाडी एका वर्षी एन्ड्युरन्सच्या दुसऱ्या तासाला थांबली. मागचा शाफ्ट तुटला होता. तो ज्यांनी बनवून दिला त्यांना हे कसं सांगायचं, यावर पिटमध्ये वाद झाला. काही जण म्हणाले, सांगूच नका, वाईट वाटेल. मी त्याच संध्याकाळी फोन केला. ते एवढंच म्हणाले, “तुकडे टाकू नकोस. दोन्ही घेऊन ये.” परतल्यावर त्यांनी तुटलेली जागा भिंगाखाली बघितली, खाचेच्या कोपऱ्यात रेडियस न ठेवल्यानं तिथून तडा सुरू झाला हे दाखवलं, आणि ड्रॉईंगवर स्वतः पेन्सिलीनं दुरुस्ती केली. डिझाइन आमचं होतं, चूकही आमची. पुढच्या बॅचचा शाफ्ट त्यांनी मटेरियलसकट करून दिला.

तर परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत प्रत्येकाकडे प्रत्यक्ष जायचं. सोबत एक पानाचा अहवाल, त्यांच्या भागाचा फोटो, फ्रेम केलेला टीमचा फोटो आणि जमा-खर्चाचं पान. क्रमांक कितवा आला हे पहिल्या ओळीत लिहा, वाईट आला असला तरी. एप्रिलमध्ये, परीक्षा तोंडावर असल्या तरी, जुन्या स्पॉन्सरशिप हेडनं नव्याला मागे बसवून ह्या सगळ्या दारांवर एकदा फिरवून आणायचं: “काका, पुढच्या वर्षी ही येईल.” फाइलमध्ये नाव, पत्ता, काय दिलं, कधी दिलं, बाजारभाव किती, कोणत्या वारी सुट्टी, कोणत्या ऑपरेटरनी काम केलं, हे सगळं लिहून ती फाइल तिच्या हातात द्यायची.